पेल्विक फ्लोअर तपासणीत एकाच रुग्णाचे दोन आकडे: प्रशिक्षणाचं एक प्रकरण

हे प्रकरण कुठल्या एका दवाखान्याचं नाही. पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय खालून पेलणाऱ्या स्नायूंच्या, तपासणीचं प्रशिक्षण देताना ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या एकाच ओपीडीत घडल्या असं धरून ते बांधलं आहे. खाली येणारी रुग्णांची संख्या आणि मतभेदांचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत.

ओपीडीत तपासणारे सहा जण: तीन स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन फिजिओथेरपिस्ट आणि एक निवासी डॉक्टर. येणाऱ्या बायकांच्या तक्रारी ठरलेल्या. खोकलं की लघवी होते, अंग बाहेर येतं, ओटीपोटात महिनोन्महिने दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं. प्रत्येकीची योनिमार्गातून बोटाने स्नायूंची तपासणी होते, ताकदीला 0 ते 5 आणि दुखण्याला 0 ते 10 असे आकडे दिले जातात आणि त्यावर व्यायाम ठरतो.

अडचण एका फाइलमुळे ध्यानात आली. व्यायाम सुरू करताना ताकद 4 लिहिलेली, बारा आठवड्यांनी 2. बाई मात्र सांगत होत्या की गळणं बरंच कमी झालंय. पहिली तपासणी एकाने केली होती, दुसरी दुसऱ्याने. स्नायू कमकुवत झाले नव्हते, बोट बदललं होतं. मग जुन्या फाइली काढल्या तर अशा बऱ्याच सापडल्या.

पहिली फेरी: मतभेद मोजायचा कसा

प्रशिक्षण सुरू करण्याआधी मतभेद नेमका किती आहे हे पाहणं भाग होतं. दहा रुग्णांच्या संमतीने प्रत्येकीची दोघांनी स्वतंत्र तपासणी केली. त्यांना क आणि ख म्हणू. प्रत्येकीत चार जागा: उजवीकडची आणि डावीकडची ऑब्ट्युरेटर इंटर्नस (बाजूच्या भिंतीतला, मांडी बाहेर फिरवणारा स्नायू), उजवीकडची आणि डावीकडची लेव्हेटर एनाय (पेल्विक फ्लोअरचा मुख्य, वर उचलणारा स्नायू). प्रश्न एकच, दाबल्यावर दुखतं की नाही. एकूण 40 नोंदी.

दोघांनीही ‘दुखतं’ म्हटलं अशा 10, दोघांनीही ‘दुखत नाही’ म्हटलं अशा 20. क ला दुखरी आणि ख ला न दुखरी वाटलेल्या 8, याच्या उलट 2. म्हणजे 40 पैकी 30 नोंदींत एकमत, 75 टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण दोघांनी डोळे मिटून टिकमार्क केले असते तरी काही नोंदी जुळल्याच असत्या. क ने 18 ठिकाणी ‘दुखतं’ लिहिलं, ख ने 12 ठिकाणी. या प्रमाणांवरून निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या नोंदी 52 टक्के निघतात. तो भाग वजा करून उरलेल्या एकमताचं माप म्हणजे कापा: 0.75 मधून 0.52 वजा करायचे आणि 0.48 ने भागायचं. उत्तर येतं जेमतेम 0.48. संख्याशास्त्रज्ञ लँडिस आणि कॉख यांच्या 1977 च्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पट्टीवर हे ‘मध्यम’मध्ये बसतं. (एकाच रुग्णाच्या चार जागा एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे संख्याशास्त्रज्ञ या 40 वर नाक मुरडतील, आणि ते बरोबर आहे. प्रशिक्षणाची दिशा ठरवायला मात्र हे पुरतं.)

इथे बहुतेक ठिकाणी चूक होते ती कापा लिहून पुढे जाण्याची. खरी माहिती त्या 8 आणि 2 मध्ये आहे. मतभेद निव्वळ गोंधळातून आले असते तर ते दोन्हीकडे साधारण सारखे, 5 आणि 5 असे विखुरले असते. 8 विरुद्ध 2 याचा अर्थ क सतत एकाच दिशेला झुकतोय. असा झुकाव बहुधा तपासणाऱ्याच्या मतात नसतो, हातात असतो. शिवाय त्या 8 पैकी 6 नोंदी रुग्णाच्या डाव्या बाजूच्या होत्या. त्यामुळे पुढचं काम चर्चेचं राहिलं नाही, हात बघण्याचं झालं.

हात बघितल्यावर काय दिसलं

पहिली गोष्ट दाब. दोघांनाही हातमोजा आणि जेल लावून डिजिटल वजनकाट्यावर फोमचा तुकडा ठेवून ‘नेहमी दाबता तसं’ दाबायला सांगितलं. आकडा त्यांना दिसत नव्हता. ख 300 ग्रॅमच्या आसपास थांबत होता, क 700 च्या पुढे जात होता. निरोगी स्नायूही पुरेसा दाबला की दुखतो, त्यामुळे क च्या ‘दुखतं’ नोंदी जास्त येणारच होत्या.

पण काट्यावरचं वजन ही अर्धीच गोष्ट. क ची बोटं आखूड. ऑब्ट्युरेटर इंटर्नसपर्यंत पोचायला तो बोट वाकवून टोकाने दाबायचा. ख बोटाचा मांसल भाग टेकवायचा. वजन तेच असलं तरी टेकलेलं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं की दर चौरस सेंटीमीटरला पडणारा दाब दुप्पट होतो, आणि रुग्णाला जाणवतो तो हाच. त्यातून नख किंचित वाढलेलं असेल तर ती स्नायूची तपासणी उरत नाही.

दुसरी गोष्ट डाव्या बाजूची. क उजव्या हाताने तपासतो आणि रुग्णाच्या पायांकडे उभा राहतो. हस्तांदोलनाला पुढे करतो तसा उजवा हात धरला की बोटाचा मांसल भाग आपोआप रुग्णाच्या उजव्या भिंतीकडे होतो. डाव्या भिंतीसाठी मनगट उलटं फिरवावं लागतं, अंगठा खाली जातो, कोपर वर उचललं जातं. त्या अवघडलेल्या हातात दाबावर ताबा राहत नाही आणि बोटाची कड किंवा टोक टेकतं. पुस्तकातल्या आकृतीत हे दिसत नाही, कारण तिथे फक्त योनिमार्ग काढलेला असतो, तपासणाऱ्याचं कोपर नाही. उपाय साधे आहेत: डाव्या बाजूला जाण्याआधी पावलं हलवून अंग फिरवायचं, टेबलाची उंची कोपराच्या पातळीला आणायची, किंवा डाव्या हाताने तपासायला शिकायचं. या ओपीडीत पहिले दोन घेतले. तिसरा कागदावर उत्तम, पण अकुशल हाताचा दाब आणखीच डळमळतो.

तिसरी गोष्ट जागा. जागा सांगायला घड्याळाचे काटे वापरतात: 12 म्हणजे पुढचं प्युबिक हाड, 6 म्हणजे गुदद्वार. समोरून बघताना रुग्णाची डावी बाजू 3 कडे आणि उजवी 9 कडे येते. निवासी डॉक्टरने पहिल्या काही फॉर्मवर स्वतःची डावी-उजवी लिहिली होती. फॉर्मवर रुग्णाची बाजू आणि घड्याळातली जागा दोन्ही छापल्यावर हा प्रश्न मिटला. त्याहून अवघड म्हणजे एक स्नायू सोडून दुसराच दाबणं. लेव्हेटरचा प्युबोकॉक्सीजियस भाग योनिद्वारापासून साधारण 4 सेंटीमीटर आत, 4 ते 5 आणि 7 ते 8 वाजण्याच्या जागी लागतो. ऑब्ट्युरेटर इंटर्नस त्याच्या वर, बाजूच्या भिंतीत, 2 ते 3 आणि 9 ते 10 च्या दरम्यान. दोहोंमध्ये प्युबिक हाडापासून इश्चियल स्पाइनपर्यंत (कटीच्या हाडाचं मागचं, आत आलेलं टोक) गेलेला तंतूंचा ताणलेला पट्टा असतो. बोटाला तो सापडला की वर कोण आणि खाली कोण हे कळतं.

खात्री हालचालीने करायची. तपासणाऱ्याने मोकळा हात रुग्णाच्या त्याच बाजूच्या गुडघ्यावर बाहेरून ठेवायचा आणि ‘गुडघा माझ्या हातावर बाहेर ढकला’ असं सांगायचं. बोटाखाली फुगवटा आला तर ती ऑब्ट्युरेटर इंटर्नस. आकुंचनाची सूचना दिल्यावर बोट घट्ट धरलं जाऊन वर उचललं गेलं तर तो लेव्हेटर. ही खूण पटवल्याशिवाय दुखण्याचा आकडा लिहायचा नाही, हा नियम झाला. खूण पटल्यावर गुडघा सैल सोडायला सांगून मगच दाबायचं, नाहीतर ताणलेल्या स्नायूचं दुखणं नोंदलं जातं.

चौथी गोष्ट तोंडी सूचना. सहाही जण वेगवेगळं सांगत होते. कुणी नुसतं ‘आवळा’, कुणी ‘जोर लावा’. ‘जोर लावा’वर बऱ्याच बायका खाली कुंथतात, म्हणजे हवं त्याच्या नेमकं उलट. ही किरकोळ बाब नाही. 1991 मध्ये संशोधक बंप आणि सहकाऱ्यांनी 47 स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना देऊन आकुंचन तपासलं. 49 टक्के जणींना ते योग्य जमलं, आणि 25 टक्के जणी असं काही करत होत्या ज्याने गळणं वाढू शकेल. शिवाय दोन तपासणाऱ्यांनी दोन वेगळ्या सूचना दिल्या तर ते एकाच कृतीला आकडे देत नसतात, मग आकडे जुळण्याची अपेक्षाच चूक.

म्हणून वाक्य ठरवून फॉर्मवरच छापलं: ‘लघवी आणि गॅस एकाच वेळी रोखून धरल्यासारखं आत आणि वर ओढून घ्या. श्वास चालू ठेवा.’ मग: ‘आता पूर्ण सैल सोडा.’ बाईंना कळलं नाही तर एकदाच दुसऱ्या शब्दांत समजवायचं आणि तसं केल्याची खूण फॉर्मवर करायची. ‘शाबास, अजून, अजून’ हे प्रोत्साहन काही जण देत होते, काही नाही. त्यानेही जोर बदलतो. प्रत्येक आकुंचनाला एकदाच ‘आणखी वर’ म्हणायचं असं ठरलं.

ठरलेली तपासणी

सगळ्यांना लागू होणारा क्रम आता लिहिला गेला. लघवी करून यायला सांगायचं. तपासणी कशी, कशासाठी, किती वेळ, कधीही थांबवता येते हे कपडे उतरवण्याआधी सांगून संमती घ्यायची, सोबतीला कुणी हवं का ते विचारायचं. लेटेक्सची आणि जेलची ॲलर्जी विचारायची. हातमोजे नायट्राइलचेच ठेवले की एक प्रश्न कमी होतो. चालू जंतुसंसर्ग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण, गरोदरपणातला रक्तस्राव किंवा खाली असलेली वार (प्लासेंटा), आणि बाईंची अनिच्छा, यांपैकी काही असेल तर बोटाची तपासणी नाही. बाहेरून बघून बरंच कळतं.

पाठीवर, डोक्याखाली एकच उशी, गुडघे वाकवलेले, पावलं टेबलावर. आधी नुसतं बघायचं. आकुंचन केल्यावर योनी आणि गुदद्वारामधला भाग आत-वर जातो का, सैल सोडल्यावर परत येतो का, खोकल्यावर किती खाली येतो. त्याच वेळी नितंब आवळले जातात का, मांड्या एकमेकींना भिडतात का, पोट फुगतं का, श्वास कोंडला जातो का, हेही पाहायचं.

मग एकच बोट, तर्जनी. दोन बोटांनी ताण पडून आकुंचन वेगळं लागतं, आणि ज्यांना दुखतं त्यांना दोन बोटं सोसतही नाहीत. अंगठा तळव्यात दुमडायचा. तो पुढे राहिला तर नाजूक जागी घासतो, आणि हे बायका सहसा बोलून दाखवत नाहीत, फक्त पुढच्या वेळी येत नाहीत.

ताकद आधी, दुखणं नंतर. उलटं केलं तर दुखावलेला स्नायू राखून आकुंचन पावतो आणि आकडा खाली येतो. ताकदीला सुधारित ऑक्सफर्ड श्रेणी: 0 काही नाही, 1 नुसती फडफड, 2 क्षीण, 3 मध्यम, बोट थोडं उचललं जातं, 4 चांगलं, प्रतिकाराविरुद्ध उचल, 5 जोरकस. अधिक-उणे चिन्हं बंद केली. ‘3 उणे’ आणि ‘2 अधिक’ यांतला फरक एकाच माणसाला दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही, मग दोघांना कसा येणार? त्यानंतर त्याच जोराने किती सेकंद धरता येतं, कमाल 10. जोर स्पष्ट घसरला की घड्याळ थांबवायचं, बोट पूर्ण सुटेपर्यंत वाट बघायची नाही. मग 4 सेकंद विश्रांती देत तेच किती वेळा होतं, कमाल 10. एक मिनिट थांबून एकेका सेकंदाची जलद आकुंचनं, कमाल 10. फॉर्मवर एक ओळ अशी दिसते: ताकद 3, धारण 6 सेकंद, पुनरावृत्ती 4, जलद 8. दर आकुंचनानंतर सैल सोडणं पूर्ण, अर्धवट की अजिबात नाही, तेही लिहायचं. घाईत हाच रकाना सगळ्यात आधी रिकामा राहतो. जिचा स्नायू सुटतच नाही तिला आवळण्याचे व्यायाम दिले तर दुखणं वाढू शकतं, म्हणून तो रिकामा असलेला फॉर्म परत केला जातो.

दुखण्यासाठी आधी मांडीवर त्याच दाबाने दाबून दाखवायचं: ‘हा नुसता दाब आहे.’ मग आत, रुग्णाच्या उजव्या ऑब्ट्युरेटर इंटर्नसपासून सुरू करून उजवा लेव्हेटर, डावा लेव्हेटर, डावी ऑब्ट्युरेटर इंटर्नस. हा क्रम मागच्या भिंतीवरून जातो, त्यामुळे बोट मूत्रमार्गावर घासून लघवीची भावना होत नाही. प्रत्येक जागी आधी स्नायूच्या मध्यावर, मग त्याच्या लांबीवर, दर वेळी दोन सेकंद, 400 ग्रॅमच्या आसपास. प्रश्न ठरलेला: ‘दाब जाणवतो की दुखतं? दुखत असेल तर 0 ते 10 मध्ये किती? तुमचं नेहमीचं दुखणं ते हेच का?’ ‘इथे दुखतंय ना?’ असं विचारायचं नाही, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं.

प्रशिक्षण

दोन तास हाडांच्या मॉडेलवर गेले: डोळे मिटून इश्चियल स्पाइन शोधणं, तिथून पट्ट्याने पुढे येणं. त्यानंतर दाबाचा सराव. काट्यावर खाली दाबून शिकलेला अंदाज आत आडवं दाबताना टिकत नाही, कारण हाताचे वेगळे स्नायू काम करतात. म्हणून दाबमापक यंत्र आडवं धरून, तपासणीच्या उंचीवर, दोन्ही दिशांना सराव घेतला. आकडा न बघता सलग 20 दाब, त्यातले 16 तरी 350 ते 450 ग्रॅममध्ये. उजव्या बाजूला सगळे लवकर उत्तीर्ण झाले, डाव्या बाजूला क ला सर्वांत जास्त वेळ लागला.

सिलिकॉनच्या मॉडेलवर बोटाचा मार्ग, अंगठा आणि क्रम नीट शिकता येतो. आकुंचन मात्र तिथे नाही, आणि ‘2’ आणि ‘3’ मधला फरक रबरावर कळत नाही. म्हणून पुढचा टप्पा शिकवणाऱ्या स्वयंसेविकांचा. या स्वतः प्रशिक्षित असतात, मोबदला घेतात आणि तपासणी चालू असतानाच सांगतात: ‘आता टोक लागतंय’, ‘ही ऑब्ट्युरेटर नाही, खाली या’. बाजूला उभ्या प्रशिक्षकाला बोट दिसत नाही, त्यामुळे ही माहिती दुसरं कुणी देऊच शकत नाही. एका स्वयंसेविकेवर एका सत्रात जास्तीत जास्त तीन तपासण्या, मधे किमान 15 मिनिटं.

भूल दिलेल्या रुग्णावर ‘हात बसवून घ्यावा’ ही सूचना अशा वेळी कुणीतरी करतोच. त्या रुग्णाने यासाठी स्पष्ट संमती दिलेली नसेल तर तो तिच्यावर अन्याय आहे, विषय तिथेच संपतो. आणि भुलीत ना आकुंचन करता येतं ना दुखणं सांगता येतं, म्हणजे शिकायला उरतंच काय?

दुसरी फेरी

पुन्हा दहा रुग्ण, क आणि ख, 40 नोंदी. या वेळी कोण आधी तपासणार हे प्रत्येक रुग्णागणिक चिठ्ठीने ठरवलं. पहिल्या फेरीत क बहुतेकदा नंतर जात होता, आणि एकदा दाबून झालेली जागा दुसऱ्यांदा जास्त दुखते, म्हणजे त्या 8 मधल्या काही नोंदी या क्रमाच्याही असतील. ताकदीचं उलट, दुसऱ्याच्या वाट्याला थकलेला स्नायू येतो. फॉर्म वेगळे, बंद पाकिटात, खोलीबाहेर आल्यावर ‘तुला काय वाटलं?’ हे बंद.

दोघांनाही दुखऱ्या वाटलेल्या जागा 11, दोघांनाही न दुखऱ्या 24, फक्त क ला दुखऱ्या 3, फक्त ख ला 2. एकमत 87.5 टक्के, योगायोगाचा हिस्सा 55 टक्क्यांच्या आसपास, कापा 0.72. त्याहून बोलकं म्हणजे 8 विरुद्ध 2 चं 3 विरुद्ध 2 झालं. झुकाव गेला, उरला तो नेहमीचा गोंधळ, आणि तो शून्यावर येत नाही.

ताकदीच्या आकड्यांत सुधारणा कमी झाली. 0, 1 आणि 5 वर सहाही जण सहज जुळतात, भांडण 2 आणि 3 चं. तिथे उपयोगी पडला तो एकच निकष: बोट उचललं गेलं का? घट्ट धरलं पण उचललं नाही तर 2. तरीही एका श्रेणीचा फरक राहतो, म्हणून एका अंकाच्या वाढीला ‘सुधारणा’ म्हणणं बंद केलं. दोन अंकांचा फरक, किंवा एका अंकासोबत धारणकाळात स्पष्ट वाढ, आणि शक्यतो तोच तपासणारा. सगळ्या श्रेणींचा हिशेब करताना भारित कापा वापरला, कारण 2 ला 3 म्हणणं आणि 2 ला 5 म्हणणं या सारख्या चुका नाहीत.

विश्रांतीच्या वेळचा ताण, म्हणजे टोन, हा रकाना काही सुधारला नाही. लघवी-शौचावरच्या ताब्याच्या तक्रारींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीने 2005 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये या तपासणीची परिभाषा नीट मांडली, पण बोटाला लागणाऱ्या टोनला परिभाषेने एकक मिळत नाही. थंड खोली, घाबरलेली बाई, गार जेल, कशानेही तो बदलतो. कमी, नेहमीसारखा, जास्त एवढेच पर्याय ठेवले आहेत. तो लिहिला जातो, पण एकट्या टोनवरून उपचार ठरवला जात नाही.

प्रशिक्षणाने आलेला हात आपोआप टिकत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची दाबाची चाचणी होते, डावी बाजू आधी. ज्याचे 20 पैकी 16 दाब बसत नाहीत त्याच्या दुखण्याच्या नोंदी तो पुन्हा उत्तीर्ण होईपर्यंत दुसऱ्याने पडताळायच्या. नवा माणूस रुजू झाला की आधी स्वयंसेविका, मग जोडीने दहा रुग्ण, आणि त्याच्या नोंदींचे चार चौकोन (दोघांना दुखरी, दोघांना न दुखरी, फक्त त्याला, फक्त जोडीदाराला) काढून झुकाव कुठल्या दिशेला आहे ते पाहायचं. एकाच दिशेला असेल तर त्याला फॉर्म समजावत बसायचं नाही, काट्यापाशी न्यायचं.